न हरलेल्या हंबीररावाचं सुजलेलं तोंड

हंबीरराव हे नाव ऐकलं की माणसाच्या डोळ्यांसमोर दाराला डोकं आपटणारा, एका हातानं गाडीचं जू उचलणारा कोणीतरी उभा राहतो. कुरणवाडीचा हंबीरराव दारातून आत आला की पाहुणे त्याच्या मागे बघत. खरा हंबीरराव मागून येतोय आणि हा वर्दी द्यायला पुढे आलाय, असं त्यांना वाटे. मग ओळख पटली की पाहुणे उगाच धोतर सावरत आणि पाऊसपाण्याचं बोलू लागत. बारशाला नाव ठेवणाऱ्या आत्याला तरी काय ठाऊक, की हे बाळ मोठं होऊनही फारसं मोठं होणार नाही!

माण तालुक्यातल्या त्या गावात पाऊस बेताचा, जोंधळा बेताचा, पण तालीम मात्र जोरात. ज्याच्या घरी दुभतं त्याचा पोरगा तालमीत, आणि ज्याच्या घरी नाही त्याचाही तालमीतच. हंबीररावही गेला. तालमीचे वस्ताद लालासाहेब पाटील. त्यांनी त्याला एकदा समोरून पाहिलं, एकदा बाजूनं पाहिलं आणि म्हणाले, "समोरनं दिसतोय. बाजूला झाला की कुटं जातोय रं हा?" पुढची दोन-तीन वर्षं हंबीररावाकडे तालमीतली माती चाळायचं काम होतं. त्यानं ती मन लावून चाळली, पण तिच्यात कुणाला पाडायचा योग काही आला नाही.

एकेचाळीस साली दहिवडीला लष्कराची भरती निघाली, तेव्हा छाती फुगवून आणि श्वास कोंडून तो कसाबसा पास झाला. बेळगावात रंगरुटांच्या हातात उशीसारखे मोजे चढवून त्यांना एकमेकांसमोर उभं करत आणि 'हाणा' म्हणत. तिथल्या साहेबानं हंबीररावाला काट्यावर उभं केलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "फेदरवेट." सुभेदारानं अर्थ सांगितला, पिसाच्या वजनाचा. हंबीरराव हरखला. उभ्या आयुष्यात त्याच्या बारीकपणाला कुणी हुद्दा दिला नव्हता. रजेवर आल्यावर त्यानं ही गोष्ट गावात अभिमानानं सांगितली. गाव विचार करून म्हणालं, "पीस कशाचं पर? कोंबडीचं का मोराचं?"

पण एक खरं, बॉक्सिंग त्याला आलं. हात भात्यासारखे चालत आणि मार चुकवावा तर त्यानंच. समोरच्याचा गुद्दा कानाजवळून सूं करून जाई आणि हंबीररावाच्या केसालाही धक्का लागत नसे. त्याची खोड एकच होती. गुद्दा चुकवला की तो खूश होई. इतका खूश, की लोकांनी बघितलं का हे बघायला तो मान वळवी. तेवढ्यात दुसरा गुद्दा येई. पलटणीतल्या उस्तादांनी समजावलं, शिव्या घातल्या, लढाईवर मिसर देशात गेल्यावर तिथल्या वाळूत पळवलं. खोड गेली नाही. कौतुकाला उपाशी असलेला माणूस होता तो, आणि ती भूक काही रेशनवर भागत नव्हती.

शेहेचाळीस साली लढाईतून सुटून तो घरी आला. बायको राहीबाई वाटच बघत होती. राहीबाई नवऱ्यापेक्षा वीतभर उंच आणि अंगानं भरलेली. माहेर मेंढरांचं, त्यामुळे अडलेला एडका काखेत मारून कुंपणाच्या अल्याड ठेवणं हे तिला रांगोळीइतकं सोपं. आईबाप गेल्यामुळे धाकटी बहीण रंगूही तिच्याकडेच होती. माणातल्या इतरांसारखा हंबीररावही मुंबईला गिरणीत जायचा, बोचकंसुद्धा बांधलं होतं. पण साताऱ्याला पेन्शनकचेरीत गेला असताना त्याला चिंतामणराव भेटले आणि त्याचा जन्म फुकट जायचा वाचला, निदान त्याला तरी तसं वाटलं.

चिंतामणराव सांगलीचे. त्यांची नाटक मंडळी बोलपटांनी बसवली होती. नट गेले, नाटकं गेली, उरला होता एक तंबू, राजवाड्याचा एक रंगवलेला पडदा आणि जरीच्या फेट्यांनी भरलेली एक पेटी. आता ह्या ऐवजात काय करावं, ह्या विवंचनेत असताना लष्करातून सुटलेले बॉक्सर गावोगाव फिरताहेत हे त्यांना कळलं. त्यांनी मंडळीच्या पाटीवरचा 'नाट्य' शब्द पुसून तिथे 'मुष्टियुद्ध' लिहिलं आणि सातारा, कऱ्हाड, इस्लामपूर, तासगाव, सांगली असा दौरा सुरू केला. अशा रीतीनं हंबीरराव पोटासाठी मार खाणारा धंदेवाईक बॉक्सर झाला आणि राजवाड्याच्या पायऱ्यांसमोर रोज मार खाऊ लागला.

त्याच्या वजनाचा दुसरा गडी होता जतकडचा सिद्धू. सिद्धू रिंगणाबाहेर गरीब गाय, एका ताटात जेवणारा. पण मोजे चढवले की त्याला ओळख राहत नसे. हंबीरराव पहिला गुद्दा सुरेख चुकवी, मान वळवून प्रेक्षकांकडे बघे, आणि पुढचं त्याला सिद्धूनं रात्री जेवताना सांगावं लागे. वर्षभरात हंबीरराव दोनदा जिंकला. त्यातल्या एकदा सिद्धूला ताप होता.

चिंतामणराव मात्र हरणाऱ्यालाही फेटा बांधत. "हंबीरराव, प्रेक्षकांना शेवट गोड लागतो हो," ते म्हणत, "आणि पेटीत फेट्यांना कसर लागलीय, ते वेगळंच." त्यामुळे हंबीरराव पहिल्यांदा साताऱ्याहून घरी निघाला तो डोक्याला जरीचा फेटा आणि फेट्याखाली काळानिळा डोळा घेऊन. दहिवडीपर्यंत तो उघड्या तोंडानं आला. पण गाव जवळ आलं तसं त्यानं फेट्याचा शेमला तोंडावरून ओढून घेतला आणि वेशीतून आत शिरला.

वेशीवर ज्ञानूचं चहाचं हाटेल होतं. ज्ञानूनं फेटा बघितला आणि बाकावरून उठून ओरडला, "आरं, हंबीरराव मैदान मारून आला!"

आता फेटा म्हणजे जिंकल्याची खूण, हे त्या मुलखात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. हरलेल्याला फेटा बांधायची रीत चिंतामणरावांच्या पेटीतली होती, कुरणवाडीला ती माहीत नव्हती. माणसं गोळा झाली. खुद्द लालासाहेब पाटील पारावरून खाली आले, त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चाळलेल्या मातीचं सोनं केलंस गड्या." हंबीररावानं 'न्हाई वो' म्हणायला तोंड उघडलं, आणि शेमल्याच्या आतून शब्द आला, "व्हय."

घरी राहीबाईनं शेमला सोडला आणि कपाळावर हात मारला. "आवं, ही काय दशा?" हंबीररावानं तिला सगळं खरं सांगितलं, कारण तिला खोटं सांगून आजवर कधी पचलं नव्हतं. मग हात धरून म्हणाला, "गावात कुणाला बोलू नगंस. एकडाव तरी ह्या गावात मला मोठं हुंदे." राहीबाईनं आंबेहळद उगाळली, लेप लावला आणि कबूल केलं. ती शब्दाची पक्की होती. तिथेच सगळं बिघडलं.

कारण हंबीरराव पुढच्या वेळीही फेटा बांधून आला. त्याच्या पुढच्या वेळीही. गाव हिशेबी होतं. ज्ञानूच्या बाकावर बसून गावानं डोकं चालवलं. गडी संध्याकाळी फेटा बांधून येतो, म्हणजे जिंकून येतो. जिंकणाऱ्याच्या तोंडाला मार लागत नाही. संध्याकाळी घरात जातो आणि सकाळी बाहेर येतो तो ओठ फाटलेला, गाल भोपळ्यासारखा, वर हळदीचा लेप. आता रात्रभर त्या घरात कोण कोण असतं? रंगू तर चिमणीएवढी. उरलं कोण?

"एडका काखंत मारती, दादा," ज्ञानू आवाज खाली आणून म्हणाला. "त्याला नवऱ्याचं काय!"

झालं. राहीबाई पाणवठ्यावर आली की बायका तिला आधी भरू देत. भांडकुदळ बनुबाई, जिनं अख्ख्या गावाला सळो की पळो केलं होतं, ती राहीबाईला 'अवं बाई' म्हणू लागली. दळणाच्या रांगेत माणसं बाजूला सरत. राहीबाईला हे कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती हसली. तिला वाटलं, चार दिवसांत विरेल.

विरलं नाही, उलट रंगूच्या आड आलं. लोणंदकडचे नानासो रंगूला बघायला आले. सुखवस्तू शेतकरी, मुलगा शाळा शिकलेला. रंगू त्यांच्या मनात भरली. सुपारी फोडायची तेवढी बाकी राहिली. जाताना नानासो ज्ञानूच्या हाटेलात चहाला थांबले, आणि तो चहा महागात पडला. दोन दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आला, "पोरगी लाखात एक हाय. पर थोरलीचा हात लय चालतो, असं कळलं. एका आईच्या लेकी. आमचा पोरगा हाडानं बारीक हाय वो, त्याला झेपायचं न्हाई."

त्या दिवशी राहीबाई रडली. चुलीपुढे बसून, धुराचं निमित्त न करता, सरळ रडली. "म्या तुमच्या अंगाला कवा बोट लावलं न्हाई," ती म्हणाली. "तुमची सूज मी शेकायची आन् गावानं मलाच नावं ठेवायची? माजं जाऊंदे. त्या पोरीनं काय केलंय?"

हंबीररावानं भाकरी बाजूला सारली. ह्या बाईनं आपल्या मोठेपणासाठी तोंड शिवून घेतलं आणि आपण फेटा मिरवत हिंडलो, ह्याची त्याला मनापासून लाज वाटली. तो तसाच उठला आणि पारावर गेला. "गड्यांनो, एक सांगायचं हाय," म्हणाला. लालासाहेबांनी सरकून त्याला शेजारी जागा दिली. पोरंटोरं मान वर करून बघू लागली. पाटलांच्या शेजारी आजवर कुणी त्याला बसवलं नव्हतं. हंबीररावानं घसा खाकरला, भैरोबाच्या जत्रेला मैदान चांगलं भरलं पाहिजे असं काहीतरी सांगितलं आणि घरी आला. दुसऱ्या दिवशी गेला, तेव्हा जोंधळ्यावर बोलून आला.

तिसऱ्या दिवशी त्याला युक्ती सुचली. सांगायचं कशाला? दाखवायचं! चैत्रात जत्रेच्या मैदानात सिद्धूला आणायचा. सिद्धू आपल्याला सगळ्या गावादेखत बडवेल. नानासोंनाही जत्रेचं बोलावणं धाडायचं. तोंड कसं सुजतं आणि कोण सुजवतं, हे ज्याचं त्यानं आपल्या डोळ्यांनी बघावं. राहीबाईचं नाव धुऊन निघेल, आपलं जाईल ते जाईल. "एकडावचं हरतो आन् मोकळा हुतो," तो राहीबाईला म्हणाला. "लय लागू देऊ नगा," राहीबाई एवढंच म्हणाली.

जत्रेचा दिवस उजाडला. ओढ्याच्या अंगाला मैदान, मध्ये तांबड्या मातीचा हौदा. तेल, ताक, हळद घालून माती लोण्यासारखी मळलेली. गडी चारी बाजूंनी बसले. कुस्तीच्या मैदानात बायका उतरत नसत, त्या वरच्या अंगाला देवळाच्या चौथऱ्यावर दाटीवाटीनं उभ्या. पुढच्या ओळीत राहीबाई आणि तिचा पदर धरून रंगू. पाहुण्यांच्या बैठकीवर नानासो, गुलाबी फेट्यात. चिंतामणरावही मुद्दाम सांगलीहून आले होते. राजवाड्याचा पडदा लावायला जागा नाही म्हणून जरा हिरमुसले होते.

कुस्त्या संपल्या आणि हलगीच्या तालावर हंबीरराव-सिद्धूची जोड आत आली. इथून पुढचं चिंतामणरावांनी पुढे किती तरी ठिकाणी सांगितलं, पण कुणी विश्वास ठेवला नाही.

सिद्धूच्या पायात बूट होते. लालासाहेब पंच. ते कडाडले, "देवाच्या मातीत पायताण? काढा आधी!" सिद्धूनं बूट काढले. मग सलामी. पैलवान चिमूटभर माती एकमेकांच्या अंगाला लावतात तशी लावायची. उशीसारख्या मोज्यांत चिमूट येईना. दोघांनी वाकून खूप खटपट केली, लोकांत खसखस पिकली. शेवटी पंचांनाच दया आली. त्यांनी स्वतः मूठभर माती उचलली आणि आशीर्वाद द्यावा तशी दोघांच्या डोक्यावर टाकली. हंबीररावानं सवयीनं मान बाजूला घेतली. सिद्धूला ती सवय नव्हती. माती सरळ त्याच्या डोळ्यांत गेली. तो "अय्यय्यो" करत मोज्यानं डोळे चोळत मागे सरला, लोण्यासारख्या मातीत उघडी टाच घसरली आणि सिद्धू धाडकन उताणा पडला.

"चितपट!" अख्खं मैदान उठून उभं राहिलं.

हलगी कडाडली. पागोटी हवेत उडाली. पाठीला माती लागली की कुस्ती संपली, हे त्या लोकांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. लालासाहेबांनी हंबीररावाचा हात धरून वर केला. हंबीरराव ओरडत होता, "आवं न्हाई! पाठ टेकली म्हंजी काय न्हाई! दहा मोजायचं असत्यात! अजून म्या हात सुदीक उचलला न्हाई!" शेवटचं वाक्य मात्र लोकांनी नीट ऐकलं. हात न उचलता पाडला! त्याला खांद्यावर घेतलं, फेटा बांधला, आणि त्याचं तोंड आरशासारखं साफ, एक ओरखडा नाही.

खांद्यावरून त्याला चौथरा दिसला. राहीबाईनं डोळ्यांना पदर लावला होता. आणि पाहुण्यांच्या बैठकीवर नानासो शेजाऱ्याला सांगत होते, "बघा! ह्यो गडी हात न लावता माणूस पाडतो. आन् ह्याला जी बाई बडवती, ती काय असंल, इचार करा. बरं झालं बाबा, आमी येळंत सावध झालो."

हे हंबीररावाच्या कानावर पडलं. त्यानं खांद्यावरून उडी मारली, नवा फेटा उपसून काढला आणि हौद्याच्या मधोमध उभा राहून आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यांदा बोलला.

"ऐका! मी लबाड हाय. मी जिंकलेलो न्हाई. साताऱ्यात मार खाल्ला, कऱ्हाडात खाल्ला, तासगावात तर शुद्ध गेली. ह्या सिद्धूनं मला जाईल तिथं हाणलंय. फेटं फुकटचं हायती. माज्या बायकूनं मला कवा बोट लावलं न्हाई. तिनं सूज शेकली, आन् माजी लाज झाकायला गप बसली!"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. हंबीररावाला वाटलं, सुटलो. मग कुठून तरी ज्ञानूचा आवाज आला, "बघा रं, बायकू वरनं बघतीया म्हणून कसा बोलतोय!"

मैदान हसून लोळलं. चुकचुकलंही. जिंकलेला गडी बायकोच्या धाकानं हार कबूल करतोय, म्हणजे घरात काय जाच असेल! लालासाहेबांनी त्याला जवळ घेतलं आणि कानात म्हणाले, "भिऊ नगंस. रातच्याला आमच्या सोप्यात झोपायला यी." खरं बोलायला वर्षभर लागलं होतं, आणि आता ते कुणी घेईना. हंबीरराव हात खाली सोडून उभा राहिला.

तेव्हा चौथऱ्यावरून हाक आली. पाच शेतं पलीकडच्या मेंढरांना परतवणारा आवाज तो. "सिद्धू भावजी! डोळं धुतलं का? मग उठा. पयल्यापासनं हुंदे."

लालासाहेब चमकले. "एका जोडीची कुस्ती एकदाच हुती, राहीबाई."

"ही कुस्ती न्हाई, पाटील. हितं पाठ टेकली तर चालती. पडलेला दहा मोजूस्तवर उठला न्हाई, तर हरला. ह्यांनीच मला सांगितलंय."

"आन् मोजायचं कुणी? आमच्यात मोजायची रीत न्हाई."

"मी मोजते की." मग तिचा आवाज उतरला. "गावाकडं म्या कवा काय मागितलं न्हाई. आज भैरोबाम्होरं मागतीया."

देवापुढे मागितल्यावर पाटलांना नाही म्हणता येईना. शिवाय दिवस अजून बराच होता आणि फुकटचा खेळ कुणाला नको असतो? हलगी थांबली. सिद्धूचे डोळे लालभडक झाले होते आणि पाठीला माती लागल्याचा राग निराळा. त्यानं मोजे आवळले. हंबीररावानं त्याच्या कानात सांगितलं, "मन लावून हाण रं." सिद्धू म्हणाला, "बरं की."

आणि त्यानं मन लावून हाणलं. पहिला गुद्दा हंबीररावानं चुकवला, मार खायचाय हे विसरून सवयीनं चुकवला, आणि सवयीनंच मान वळवून चौथऱ्याकडे बघितलं. दुसरा गुद्दा गालावर बसला. आवाज पाहुण्यांच्या बैठकीपर्यंत गेला. नानासोंचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला. तिसरा डोळ्यावर. ओठ फुटला, रक्त आलं. लोकांनी कुस्तीत माणसं पडलेली बघितली होती, पण समोरच्याच्या हनुवटीवर माणूस असा ठरवून मारतो, हे त्यांनी बघितलं नव्हतं. सूज डोळ्यांदेखत चढत होती. ज्ञानू बाकाच्या सवयीनं काहीतरी बोलायला गेला आणि शेजाऱ्यानं त्याच्या मांडीवर चापट मारली.

हंबीरराव पडला. उताणाच पडला. लालासाहेबांचा हात अर्धा वर गेला आणि थांबला.

"एक," राहीबाई म्हणाली. "दोन. तीन." आवाज खणखणीत होता. पाचाला हंबीरराव हलला, सहाला उठून बसला, मग उभा राहिला. पडून राहिला असता तरी काम झालं असतं. पण उठायची खोड अंगात मुरली होती, त्याला त्याचा इलाज नव्हता. सिद्धूनं एकदा चिंतामणरावांकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि उजव्या हाताचा असा एक ठेवून दिला, की हंबीररावाचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले.

ह्या वेळी तो हलला नाही.

"एक. दोन. तीन. चार." राहीबाई भराभर मोजत होती. ह्याच्यासाठीच तर सगळं होतं. आणखी थोडं मोजलं की तिचं नाव धुतलं जाणार होतं, रंगूचं लगीन जमणार होतं. "पाच. सहा." हंबीररावाचा हात मातीत पालथा पडला होता. तोंडातून रक्ताची बारीक धार कानाकडे चालली होती. "सात," राहीबाई म्हणाली. मग थांबली. "सात." पुन्हा थांबली. "सात."

खाली कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं.

"आठ," ती कशीबशी म्हणाली, आणि लगेच, "सहा."

"वहिनी," सिद्धू खालून अजीजीनं म्हणाला, "दहा म्हणा की वो. सोडून द्या त्याला."

राहीबाईनं तोंड उघडलं, पण दहा तिच्या तोंडातून बाहेर पडेना. ती चौथऱ्याच्या कडेला मटकन बसली. पदर खांद्यावरून पडला, त्याची तिला शुद्ध नव्हती. "पाच," ती रडत म्हणाली. "उठा की वो. चार. मी मोजायची थांबते, तुमी सावकाश उठा. तीन." एडका काखेत मारणारी बाई लेकरासारखी हुंदके देत उलटी मोजत होती, आणि सगळं मैदान, ज्ञानूसकट, श्वास धरून तिच्याकडे बघत होतं. हौद्यात पडलेल्या गड्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

त्यामुळे हंबीरराव उठला कधी, ते कुणाला कळलं नाही. सिद्धूनं काखेत हात घालून त्याला धरलं होतं. एक डोळा मिटलेला, दुसरा अर्धा उघडा. त्यानं लोकांकडे बघितलं नाही. चौथरा कुठल्या अंगाला आहे ते त्यानं सिद्धूला विचारलं आणि तिकडे तोंड करून उभा राहिला.

बनुबाईनं पुढे होऊन राहीबाईचा पदर नीट केला. लालासाहेबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, पुन्हा घातलं. कुणाच्या बाजूनं निकाल द्यावा ते त्यांना सुचेना. नानासोंनी मात्र धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं आणि उठून उभे राहिले.

"पाटील, सुपारी मागवा," ते म्हणाले. "थोरलीला आकडं धड येत न्हाईत. धाकटीला तरी येत्यात का, त्येवढं बघून घेतो."

रंगूचं लगीन वैशाखात लागलं. सिद्धूनं मांडवात पंगती वाढल्या, आणि चिंतामणरावांनी पेटीतले उरलेसुरले फेटे वऱ्हाडाला बांधून टाकले. हंबीररावानं पुन्हा मोजे चढवले नाहीत. तो मेंढरं राखू लागला आणि तालमीत पोरांना मार कसा चुकवायचा ते शिकवू लागला, चुकवल्यावर कुठे बघायचं नाही हेही. पारावर लालासाहेबांच्या शेजारची जागा त्याला कायम राहिली. हरणारा माणूस म्हणून बसायला त्याला सुरुवातीला अवघड गेलं, मग सवय झाली.

फक्त एक शंका त्याला उभा जन्म सुटली नाही. जेवताना मध्येच घास थांबवून तो विचारायचा, "व्हय गं, त्या दिशी मी हरलो का जिंकलो?"

राहीबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, "मला काय इचारता? माजं दहा अजून व्हायचं हायती."